पहिल्या सलाईनच्या आधी



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली, ती लोकांना शहाणे करण्यासाठी. ज्यांना कॉलेजची पायरी चढता आली नाही, त्यांच्यासाठी ही व्याख्यानपीठे म्हणजेच कॉलेज. आमचे शिक्षण शाळेत थोडे आणि असल्या व्याख्यानांतून व वाचनालयांतून फार झाले आहे. म्हणून येथे उभे राहताना ऋण फेडल्यासारखे वाटते.

आमचा धंदा कामगार संघटनेचा. आम्ही मजुरीचे दर, बोनस किंवा भविष्यनिर्वाह निधी यांवर बोलू अशी आपली अपेक्षा असणार. परंतु आज आम्ही स्तनाच्या कर्करोगावर, त्यातही किमो सुरू होण्यापूर्वीच्या तयारीवर बोलणार आहोत. एका पुरुषाने, तेही डॉक्टर नसलेल्याने, या विषयाला हात घालावा याचे कोणाला नवल वाटेल. कारण सरळ आहे. नगर आणि भिंगारमध्ये घरोघर विड्या वळणाऱ्या हजारो भगिनी आहेत. औद्योगिक वसाहतीत काम करणाऱ्या आहेत, छावणीत झाडलोट करणाऱ्या आहेत, दुसऱ्यांच्या घरची धुणीभांडी करणाऱ्या आहेत. यांच्यापैकी एखादीच्या हातात जेव्हा तो रिपोर्ट पडतो, तेव्हा ती डॉक्टरांकडून निघून पुष्कळदा आमच्याच कचेरीत येते. तिचा पहिला प्रश्न ‘मी वाचेन का?’ हा नसतो. ती विचारते, ‘भाऊ, माझे हात किती दिवस थांबतील?’

या प्रश्नाचे उत्तर कोणी तरी दिले पाहिजे. डॉक्टर पेशींबद्दल सांगतात, ते त्यांचे काम आहे. हातांबद्दल आणि चुलीबद्दल सांगायचे काम आपले, शेजाऱ्यांचे आणि संघटनेचे आहे.

प्रथम या रोगाचा आकार पाहू. २०२२ सालच्या जागतिक अंदाजानुसार त्या एका वर्षात भारतात सुमारे १ लाख ९२ हजार स्त्रियांना स्तनाचा कर्करोग नव्याने झाला आणि सुमारे ९८ हजार स्त्रिया त्याने दगावल्या. भारतीय स्त्रियांत सर्वांत अधिक आढळणारा कर्करोग हाच. तो पूर्वजन्मीचे पाप नव्हे, करणी नव्हे. तो स्पर्शाने, ताटवाटीने किंवा एका अंथरुणावर निजल्याने दुसऱ्याला होत नाही. ज्या घरात बाईचे ताट वेगळे काढले जाते, त्या घरात रोगाआधीच तिचे मन खचते. बाळाला अंगावर पाजले म्हणून झाला किंवा मार लागला म्हणून झाला, असेही नाही. शरीरातल्या काही पेशी आपली शिस्त सोडून बेबंद वाढू लागतात, एवढाच त्याचा अर्थ.

आता किमो म्हणजे काय? ज्या औषधाला आपण भितो, त्याचा इतिहास माहीत असला की भीती पुष्कळ कमी होते, असा आमचा अनुभव आहे.

आपले भिंगार लष्करी ठाण्याचे गाव. येथील जुन्या शिपायांना मोहरी-वायू हे नाव अपरिचित नसेल. पहिल्या महायुद्धात हा विषारी वायू माणसे मारण्यासाठी वापरला गेला. त्याच्या बाधेने रक्तातल्या पांढऱ्या पेशी नाहीशा होतात, हे वैद्यांच्या ध्यानात आले. मग १९४२ साली अमेरिकेतील येल येथे त्याच जातीच्या एका रसायनाचा प्रयोग कर्करोगाच्या रुग्णावर करण्यात आला. पुढे १९४३ च्या डिसेंबरात इटलीतील बारी बंदरावर बाँबहल्ला झाला, जहाजात लपवून ठेवलेला तो वायू फुटला, आणि जखमी खलाशांच्या तपासणीत तीच गोष्ट पुन्हा दिसली. आज स्तनाच्या कर्करोगात सर्रास दिले जाणारे सायक्लोफॉस्फमाइड हे औषध त्याच कुळातले आहे. मारण्यासाठी काढलेले विष माणसाने जगवण्याच्या कामी लावले.

दुसरी हकिगत आपल्या देशाच्या सुपुत्राची. आंध्रातील भीमावरम येथे १८९५ साली जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव शिक्षणासाठी अमेरिकेत गेले. तेथे पोट भरण्यासाठी त्यांनी इस्पितळात रात्रपाळीचा हमाल म्हणून काम केले. पुढे लेडर्ले कंपनीच्या प्रयोगशाळेत त्यांच्या हाताखालच्या मंडळींनी जी औषधे तयार केली, त्यांपैकी एक वापरून बोस्टनच्या डॉ. सिडनी फार्बर यांनी १९४७-४८ साली रक्ताच्या कर्करोगाने मरणासन्न झालेल्या मुलांना काही काळ बरे करून दाखवले. त्याच कुळातले मेथोट्रेक्सेट हे औषध इतर दोन औषधांबरोबर स्तनाच्या कर्करोगात शस्त्रक्रियेनंतर दिले, तर रोग उलटण्याचे प्रमाण घटते, हे मिलानचे डॉ. बोनाडोना यांनी १९७६ साली जगापुढे मांडले. त्या दिवसापासून स्तनाच्या कर्करोगात किमोला आजचे स्थान मिळाले. आमच्या पद्मशाली समाजातल्या अक्कांना आम्ही आवर्जून सांगतो की, तुमच्या नसेत जे औषध जाते त्याच्या इतिहासात तेलुगू बोलणाऱ्या एका रात्रपाळीच्या हमालाचा घाम आहे.

आणखी दोन औषधे पाहा. ज्याला लोक ‘लाल औषध’ म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन इटलीतल्या मातीत सापडलेल्या एका सूक्ष्म जंतूपासून निघाले. एड्रियाटिक समुद्रावरून त्याचे अॅड्रियामायसिन हे नाव पडले. पॅक्लिटॅक्सेल हे अमेरिकेतल्या यू नावाच्या झाडाच्या सालीतून प्रथम काढले, आणि ते शोधणाऱ्या दोघा शास्त्रज्ञांपैकी एक मनसुख वाणी हे भारतीय होते. आपल्या अंगणातल्या सदाफुलीपासूनसुद्धा रक्ताच्या कर्करोगावरची औषधे निघाली आहेत. मात्र हे ऐकून उद्या कोणी सदाफुलीची पाने चावू लागू नये. झाडातून औषध वेगळे काढणे, त्याची मात्रा मोजणे आणि ती नसेतून देणे याला वर्षानुवर्षांची विद्या लागली आहे. पाने चावणाऱ्याला औषध मिळत नाही, विषबाधा मात्र होऊ शकते.

ही सारी औषधे एकच गोष्ट करतात. भराभर वाढणाऱ्या पेशींवर ती घाला घालतात. कर्करोगाच्या पेशी भराभर वाढतात, म्हणून त्या मरतात. परंतु आपल्या शरीरात केसांच्या मुळाच्या, तोंडाच्या व आतड्याच्या आतल्या अस्तराच्या आणि हाडांच्या मगजातल्या रक्त तयार करणाऱ्या पेशीही भराभर वाढतात. म्हणून केस गळतात, तोंड येते, मळमळते आणि रक्त उतरते. हे रोग वाढल्याचे लक्षण नव्हे. निरोगी पेशी पुन्हा उभ्या राहतात, आणि त्यांना उभे राहण्यास वेळ मिळावा म्हणूनच दोन किमोंमध्ये दोन किंवा तीन आठवड्यांचे अंतर ठेवतात. एवढे एक तत्त्व समजले की पुढची सर्व तयारी आपोआप समजते.

भगिनीबंधूंनो, आमच्या आयुष्याचा मोठा भाग संपांत गेला. १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास माणसे त्यात उतरली. त्या संपाचे बरेवाईट हा आजचा विषय नाही. परंतु प्रत्येक लढ्याने आम्हांला एक धडा शिकवला. लढा पुकारण्याच्या दिवशी सर्वांच्या अंगात जोर असतो. लढ्याचा निकाल लागतो तो तिसऱ्या महिन्यात घरातले धान्य संपल्यावर. किमोचे अगदी असेच आहे. पहिल्या सलाईनला सारे नातेवाईक दवाखान्यात हजर असतात. पाचव्या सलाईनला बाई एकटी एस.टी.त बसते. म्हणून पाचव्या सलाईनची तयारी पहिल्याच्या आधी केली पाहिजे. तहान लागल्यावर विहीर खणून चालत नाही.

ही तयारी चार ठिकाणी करायची असते: कागदांत, शरीरात, घरात आणि पैशांत.

पहिली कागदांची. गाठीचा तुकडा सुईने काढून तपासतात, तो बायोप्सीचा रिपोर्ट. त्यावर ई.आर., पी.आर. आणि हर-टू अशी तीन अक्षरी नावे असतात. पहिली दोन सांगतात की, ही गाठ स्त्रीच्या शरीरातल्या संप्रेरकांवर पोसते की नाही. तिसरे सांगते की, तिच्यावर एक विशिष्ट प्रथिन जास्त आहे की नाही. या तीन उत्तरांवर, गाठीच्या आकारावर आणि काखेतल्या गाठींवर पुढचा सारा उपचार ठरतो. सर्वच स्त्रियांना किमो लागते असे नाही. काहींना गोळ्यांवर भागते. काहींना आधी शस्त्रक्रिया व मग किमो, तर काहींना गाठ लहान व्हावी म्हणून आधी किमो व मग शस्त्रक्रिया. ‘शेजारणीचे ऑपरेशन आधी झाले, माझे का नाही?’ असा संशय धरून पुष्कळ बाया डॉक्टर बदलतात व महिना घालवतात. संशय डॉक्टरांनाच विचारावा.

विचारायचे प्रश्न आम्ही एका वहीत लिहून नेतो. कोणती औषधे देणार? किती वेळा? किती दिवसांच्या अंतराने? नंतर शस्त्रक्रिया, किरणोपचार किंवा गोळ्या आहेत का? रात्री-अपरात्री त्रास झाला तर फोन कोणत्या नंबरवर करायचा? आणि आमच्या बाईचे काम अमुक आहे, ते तिने केव्हा करावे, केव्हा करू नये? मालकापुढे मागण्या मांडताना आम्ही कधी तोंडी जात नाही. येथेही जाऊ नये. सोबत जाणारा माणूस शक्यतो एकच असावा, ज्याला आदल्या वेळचे सारे ठाऊक आहे. दर खेपेस नवा भाचा, नवा मेहुणा गेला तर दर वेळी पाटी कोरी. सर्व रिपोर्ट तारीखवार एका फायलीत लावावेत आणि त्यांच्या झेरॉक्स प्रती घरी ठेवाव्यात.

दुसरी तयारी शरीराची. किमोपूर्वी रक्ताची तपासणी होते, तीत पेशींची संख्या, यकृत व मूत्रपिंड यांचे काम पाहतात. काविळीच्या विषाणूंची तपासणी होते, कारण शरीरात झोपलेली कावीळ किमोने जागी होऊ शकते. हृदयाची टू-डी एको तपासणी करतात, कारण ते लाल औषध व हर-टूवरचे औषध ही हृदयाला जड जाऊ शकतात. औषधाची मात्रा उंची व वजनावरून काढतात, म्हणून वजन दर वेळी खरे सांगावे. मधुमेह, रक्तदाब, दमा असेल तर तो लपवू नये. चालू गोळ्यांची पाकिटेच घेऊन जावीत. कोणा वैद्याचे भस्म, काढा किंवा ‘गावठी’ चालू असेल तर तेही सांगावे. लाज वाटते म्हणून बाया सांगत नाहीत, आणि मग यकृत का बिघडले याचा डॉक्टरांना उलगडा होत नाही.

दात किडलेला असेल, हिरडीत पू असेल तर तो आधी दाखवावा, कारण रक्त उतरलेले असताना तोच किडका दात सर्वांगात विष पसरवू शकतो. तरुण बाईने दोन गोष्टी न लाजता विचाराव्यात. किमो चालू असताना दिवस राहता कामा नयेत, तर त्यासाठी काय करावे. आणि पुढे मूल हवे असेल तर त्याची तरतूद आधी करता येईल काय. किमो सुरू झाल्यावर हा दुसरा प्रश्न विचारून फारसा उपयोग नसतो. नसा बारीक असतील तर छातीच्या कातडीखाली ‘पोर्ट’ नावाची छोटी डबी बसवतात व तिच्यातून औषध देतात. दर वेळी हातात सुया टोचून नसा जळत नाहीत. कोणाला ती बसवावी हे डॉक्टर ठरवतील, पण तशी सोय आहे हे आपल्याला माहीत असावे.

तिसरी तयारी घराची, आणि येथे आम्ही थोडे थांबणार आहोत, कारण लढा येथेच जिंकला किंवा हरला जातो.

भिंतीवरचे कॅलेंडर काढा. किमो तीन आठवड्यांनी असेल असे धरू. आठ वेळा असेल तर आठ गुणिले एकवीस म्हणजे १६८ दिवस, सुमारे साडेपाच महिने. ज्या बाईने ‘माझे हात किती दिवस थांबतील?’ असे आम्हांला विचारले, तिच्यासमोर बसून आम्ही हे कॅलेंडर मांडले होते. किमोचा दिवस व नंतरचे तीन-चार दिवस मळमळ व थकवा, यांवर एक खूण. सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा संसर्गाचे भय मोठे. यांवर लाल खूण. तिसरा आठवडा पुष्कळसा आपला. प्रत्येकीचे शरीर थोडे निराळे वागते, पण ढोबळ हिशेब हाच. खुणा करून झाल्यावर ती बराच वेळ कॅलेंडरकडे पाहत राहिली व म्हणाली, ‘म्हणजे सगळेच दिवस जात नाहीत.’ ती विडी कामगार होती. हजारी मजुरीवर जगणाऱ्या बाईला मोकळे दिवस मोजून दाखवणे, यापेक्षा मोठा धीर दुसरा नाही. तथापि भिजवलेल्या पानांवरची बुरशी आणि तंबाखूची धूळ ही लाल खुणेच्या दिवसांत तिच्यापासून दूर ठेवलेली बरी. त्या दिवसांत सूप दुसऱ्या खोलीत गेले पाहिजे, आणि एकच खोली असेल तर शेजारणीच्या घरी गेले पाहिजे.

घरात एक तापमापक हवाच. तो महाग नसतो. किमोनंतर ताप १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून वर गेला, तर तो साधा ताप नव्हे. त्या वेळी गोळी घेऊन सकाळची वाट पाहू नये. रात्रीचे दोन वाजले असले तरी दवाखान्यात जावे व ‘किमो चालू आहे’ हे शब्द दारातच सांगावेत. आज येथून आपण एकच गोष्ट लक्षात ठेवून घरी गेलात, तर ती हीच असावी. म्हणून रात्री रिक्षा कोण आणील, त्याचे नाव पहिल्या सलाईनआधी ठरलेले असावे. अंगावर काटा येऊन थंडी वाजली, दम लागला, जुलाब किंवा उलट्या थांबेनात, कोठून रक्त येऊ लागले, तरीही असेच करावे.

जेवणाविषयी घरोघर वेगवेगळे पंडित असतात. कोणी म्हणतो दूध बंद, कोणी म्हणतो साखर बंद, कोणी म्हणतो नुसत्या रसावर राहा. उपाशी ठेवल्याने गाठ मरत नाही, बाई मात्र खंगते, आणि खंगलेल्या शरीराला पुढची किमो देता येत नाही. भाकरी, वरण, मुगाची खिचडी, हुलग्याचे माडगे, पूर्ण उकडलेली अंडी, उकळलेले दूध, जे रुचेल व पचेल ते थोडे थोडे पण पुष्कळ वेळा द्यावे. अन्न ताजे व नीट शिजलेले, पाणी उकळून गार केलेले, फळ धुऊन साल काढलेले. शिळे, उघड्यावरचे व कच्चे टाळावे. मळमळीच्या गोळ्या उलटी झाल्यावर घ्यायच्या नसतात. सांगितलेल्या वेळी, आधीच घ्यायच्या असतात. तोंडासाठी कोमट पाण्यात मीठ व थोडा खाण्याचा सोडा टाकून गुळण्या, आणि दाताला मऊ ब्रश.

लाल औषधानंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, ते रक्त नव्हे. किमोनंतरचे सुमारे दोन दिवस औषधाचा अंश लघवी-उलटीतून जातो, म्हणून ते साफ करताना हातमोजे घालावेत, शौचकूपात पाणी भरपूर ओतावे आणि भरलेले कपडे वेगळे धुवावेत. याचा अर्थ बाईजवळ जाऊ नये असा कोणी काढू नये. लेकरांनी आईच्या कुशीत खुशाल निजावे.

आता केस. पुरुषांना हा प्रश्न लहान वाटतो, पण केस ही बाईची बाजारात जाण्याची हिंमत असते. पुष्कळ औषधांत पहिल्या किमोनंतर दोन-तीन आठवड्यांनी केस जाऊ लागतात. सकाळी उशीवर केसांचा झुबका पाहून जो धक्का बसतो, तो टाळण्यासाठी कित्येकजणी आधीच केस बारीक कापून घेतात. उपचार संपल्यावर केस बहुधा परत येतात. तोपर्यंत डोक्यावर सुती रुमाल किंवा पदर असावा. ‘कोण गेले?’ असे विचारणाऱ्या शेजारणीला घरातल्या माणसाने उत्तर द्यावे, बाईवर ते ओझे टाकू नये. आणि नवऱ्याने काय करावे? आम्ही भावांना सांगतो की, तत्त्वज्ञान सांगू नका, पाणी भरा. पहाटे उठून हंडा भरणाऱ्या नवऱ्याला ‘मी तुझ्या पाठीशी आहे’ हे वाक्य बोलावे लागत नाही.

चौथी तयारी पैशांची. येथे आम्ही आमच्या धंद्यावर येतो.

महात्मा जोतीराव फुले जनआरोग्य योजना प्रथम २०१२ साली राजीव गांधींच्या नावाने आठ जिल्ह्यांत सुरू झाली आणि २०१७ पासून तिला जोतीरावांचे नाव आहे. १ जुलै २०२४ पासून तिची मर्यादा दर कुटुंबामागे वर्षाला ५ लाख रुपये झाली आहे. कर्करोगाची शस्त्रक्रिया, किमो व किरणोपचार तिच्यात येतात. योजनेतल्या इस्पितळात ‘आरोग्यमित्र’ बसतो, त्याच्याकडे शिधापत्रिका व आधार कार्ड घेऊन जावे. येथेच अनेकांचे आठवडे मोडतात. शिधापत्रिकेवर सुनेचे नाव चढवलेले नसते, आधारवर माहेरचे नाव असते, वयात फरक असतो. कागदावरचे नाव जुळवणे हीसुद्धा किमोची तयारीच आहे, आणि ती रिपोर्टची वाट पाहत असतानाच करावी. किंबहुना ज्यांच्या घरी काहीही आजार नाही त्यांनी उद्याच आपली शिधापत्रिका उघडून पाहावी.

कारखान्यात राज्य विमा योजना लागू असलेल्या कामगारांनी ध्यानात ठेवावे की, साध्या आजारात वर्षातून ९१ दिवस पगाराच्या ७० टक्के रक्कम मिळते. आणि कर्करोगासारख्या दीर्घ आजारात, ठरावीक नोकरी व हप्ते भरलेले असल्यास, पुढे ८० टक्क्यांप्रमाणे दोन वर्षांपर्यंत ती मिळू शकते. एका ठिकाणी बाईने आजार सांगताच मुकादमाने तिला ‘राजीनामा लिहून दे, बरी झालीस की ये’ असे सांगितले होते. राजीनामा दिला असता तर विम्याचा हक्कच गेला असता. राजीनामा लिहू नका. रजेचा अर्ज लिहा, सोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडा आणि पोच घ्या. विडी कामगार भगिनींना भविष्यनिर्वाह निधीतून आजारासाठी पैसे काढता येतात. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कर्करोगाच्या रुग्णास शयनयान वर्गाचे भाडे पूर्ण माफ आहे व सोबत्यास मोठी सवलत आहे, त्यासाठी इस्पितळाचे प्रमाणपत्र लागते. एस.टी.त तर २०२३ पासून सर्वच स्त्रियांना अर्धे तिकीट आहे.

जायचे कोठे? किमो नगर-पुण्याकडे मिळू शकते, आणि दर तीन आठवड्यांनी जायचे असल्यामुळे जवळचे ठिकाण धरणे पुष्कळदा शहाणपणाचे ठरते. बार्शीला नर्गिस दत्त यांच्या नावाचे कर्करोग इस्पितळ आहे, आणि तेथे १९८७ पासून खेड्यांतल्या कर्करोगाची नोंद ठेवली जात आहे. मुंबईचे टाटा स्मारक इस्पितळ २८ फेब्रुवारी १९४१ रोजी परळला, गिरणगावात उघडले. सर दोराबजी टाटांच्या पत्नी मेहरबाई १९३१ साली रक्ताच्या कर्करोगाने गेल्या, त्या दुःखातून ते उभे राहिले. बाहेरगावच्या रुग्णांनी मुंबईत राहायचे कोठे, हा प्रश्न फार मोठा. गाडगेबाबांच्या नावाची दादरची धर्मशाळा कर्करोगाच्या रुग्णांना व त्यांच्या माणसांना आसरा देते. बाबांनी हातात खराटा घेऊन जे काम केले, त्याला आज लागलेले हे फळ आहे.

आता सर्वांत कठीण गोष्ट सांगतो. आमच्या ओळखीच्या एका भगिनीला शस्त्रक्रियेपूर्वी किमो द्यायचे ठरले. तीन वेळा दिल्यावर गाठ हाताला लागेनाशी झाली. घरात आनंद झाला. ‘गाठ विरघळली, मग पुढचा खर्च कशाला?’ असे ठरले. बाईलाही रोजाचा खाडा परवडत नव्हता. सव्वा वर्षाने ती कंबर दुखते म्हणून आली, तेव्हा रोग हाडांत गेला होता. गाठ हाताला न लागणे म्हणजे रोग संपणे नव्हे. डोळ्यांना व बोटांना न समजणाऱ्या पेशी मागे राहतात, आणि उरलेली किमो त्यांच्यासाठीच असते. अर्ध्यावर सोडलेल्या संपाने मालक शहाणा होतो. अर्ध्यावर सोडलेल्या किमोने रोग शहाणा होतो. बरे वाटू लागले म्हणून थांबू नये आणि फार त्रास झाला म्हणून गुपचूप घरी बसू नये. त्रास सांगितला तर मात्रा कमी करता येते, औषध बदलता येते, तारीख पुढे नेता येते. न सांगता थांबले तर काहीच करता येत नाही.

रोग लवकर सापडला तर ही लढाई पुष्कळ सोपी होते. टाटा इस्पितळाने १९९८ पासून मुंबईच्या वस्त्यांतून सुमारे दीड लाख स्त्रियांवर वीस वर्षे एक अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविका दर दोन वर्षांनी नुसत्या हातांनी स्तनांची तपासणी करीत. २०२१ साली निष्कर्ष जाहीर झाला. रोग लवकरच्या अवस्थेत सापडू लागला, आणि पन्नाशीपुढच्या स्त्रियांत या रोगाने होणारे मृत्यू जवळजवळ ३० टक्क्यांनी कमी झाले. मोठे यंत्र नव्हते, डॉक्टरही नव्हते; शिकवलेले हात होते. ज्या गावात हजारो विड्या दररोज मोजूनमापून वळणारे हात आहेत, त्या गावाला हे अशक्य का वाटावे?

म्हणून शेवटी या व्याख्यानपीठावरून आम्ही तीन सूचना मांडतो. पहिली, प्रत्येक वस्तीत चार बायांनी व दोन पुरुषांनी सोबतीचे काम अंगावर घ्यावे. कोण वही धरील, कोण डबा देईल, कोण लेकरे सांभाळील, कोण रात्री रिक्षा आणील, हे बाईला सलाईन लागण्याआधी ठरलेले असावे. दुसरी, प्रत्येक कामगार संघटनेने आपल्या सभासदांच्या शिधापत्रिका, आधार व निधीची कागदपत्रे वर्षातून एकदा तपासून द्यावीत. तिसरी, ज्या भगिनींचा उपचार पूर्ण झाला आहे त्यांनी नव्याने रिपोर्ट हाती आलेल्या भगिनीकडे पहिल्या आठवड्यात एकदा तरी जाऊन बसावे. आम्ही येथे तासभर बोलून जो धीर देऊ शकत नाही, तो डोक्यावर पुन्हा उगवलेले केस घेऊन दारात उभी राहिलेली एक बाई क्षणात देते.

ज्या भगिनीने ‘माझे हात किती दिवस थांबतील?’ असे विचारले होते, तिच्या आठही किमो पूर्ण झाल्या. त्या १६८ दिवसांत तिचे हात थांबले तेव्हा तिच्या गल्लीतल्या सात जणींनी आपापल्या सुपातून रोज थोड्या विड्या तिच्या नावावर टाकल्या. हा हिशेब कोणत्याही योजनेत बसत नाही. परंतु मजुरांची दुनिया आजवर टिकली आहे ती अशाच हिशेबांवर.